‘ग्रिड’ : एका रूपकाची राहून गेलेली बाजू

इयन फॉस्टर आणि कार्ल केसलमन ह्यांनी संपादिलेला ‘द ग्रिड’ हा ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाला, आणि दूरदूरच्या संस्थांतील संगणक एकमेकांस जोडून त्यांच्याकडून सामाईकपणे काम करवून घेण्याच्या विद्येला एक नाव मिळाले. नावाबरोबर एक रूपकही मिळाले. ग्रिड म्हणजे विद्युत्पुरवठ्याचे जाळे. भिंतीवरील खोबणीत दिव्याची पिन घातली की वीज मिळते. ती कोयनेच्या पाण्यावर निर्माण झाली की कोराडीच्या कोळशावर, ह्याची चौकशी करण्याचे दिवा लावणाऱ्यास कारण पडत नाही. संगणनाची शक्तीही अशीच भरवशाने, सर्वत्र आणि अल्प खर्चात मिळावी, हा त्या ग्रंथाचा मनोदय. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. जॉन मॅकार्थी ह्यांनी १९६१ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या शताब्दीनिमित्त झालेल्या भाषणात, संगणन ही दूरध्वनीसारखी सार्वजनिक सेवा होऊ शकेल, असे भाकीत केले होते. परंतु ते भाकीत भाकीतच राहिले. फॉस्टर-केसलमन ह्यांनी त्याला शास्त्राचे रूप दिले, आणि पुढील दहा-बारा वर्षे युरोप-अमेरिकेतील फार मोठे प्रकल्प ह्या एका शब्दाच्या छायेत उभे राहिले.

शास्त्रीय ग्रंथातील रूपकाकडे अलंकार म्हणून पाहून पुढे जाण्याची आपली सवय आहे. ती येथे सोडावी लागेल. आपल्या साहित्यशास्त्राने उपमा आणि रूपक ह्यांत एक सूक्ष्म भेद केला आहे: उपमेत दोन वस्तूंचे साम्य सांगितले जाते, पण त्यांचे वेगळेपण शाबूत राहते, रूपकात उपमेयावर उपमानाचा आरोप होऊन दोहोंत अभेद मानला जातो. काव्यात हा अभेद आनंददायक असतो. शास्त्रात तो कोणते प्रश्न विचारायचे आणि कोणते विचारायचेच नाहीत, हे ठरवून टाकतो. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे एवढेच आहे की, विजेच्या जाळ्याच्या रूपकाने ह्या विद्येतील सर्वांत कठीण प्रश्न दीर्घकाळ दृष्टीआड ठेवला. तो प्रश्न म्हणजे, साधने थोडी आणि मागणारे पुष्कळ असता कोणाचे काम आधी व्हावे, कोठे व्हावे, आणि ते कोणी ठरवावे. ह्यालाच कार्यनियोजन आणि साधनव्यवस्थापन असे म्हणतात.

प्रथम पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो दुबळा नाही. विजेचा शोध लागल्याने जग बदलले नाही, वीज वाहून नेणारे जाळे निर्माण झाल्यावर बदलले, हा ग्रंथकारांचा मुद्दा यथार्थ आहे. संगणकांच्या बाबतीतही यंत्रे होती, तारा होत्या. नव्हती ती सर्वांना मान्य अशी संकेतपद्धती. एका विद्यापीठातील माणसाने दुसऱ्या देशातील यंत्रावर काम पाठवावयाचे तर तेथे वेगळे खाते, वेगळा परवलीचा शब्द, वेगळी आज्ञावली. ‘ग्लोबस’ नावाच्या साधनसंचाने ही अडचण पुष्कळ अंशी दूर केली: एकदा ओळख पटविली की ती सर्वत्र चालावी, आणि निरनिराळ्या स्थानिक नियोजकांपुढे एकच दार असावे. २००१ सालच्या एका प्रसिद्ध लेखात ह्याच संप्रदायाने ‘आभासी संघटना’ ही कल्पना पुढे आणली. वेगवेगळ्या संस्थांतील एका उद्दिष्टाच्या माणसांनी आपली साधने नियमांनी बांधून एकत्र वापरावी, असा तिचा आशय होता. २००२ साली फॉस्टर ह्यांनी ग्रिड कशाला म्हणावे ह्याच्या तीन कसोट्या दिल्या: मध्यवर्ती सत्ता नसावी, संकेत सर्वांना खुले असावेत, आणि सेवेचा दर्जा नाव घेण्याजोगा असावा. पहिल्या दोन कसोट्यांसाठी त्या संप्रदायाने जे केले त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. घोटाळा तिसरीत आहे. कारण दर्जा म्हणजे अखेर वेळेवर काम होणे, आणि वेळ कोणाची हे खोबणी सांगत नाही.

साधर्म्य कोठे तुटते ते पाहू. वीज ही एकजिनसी वस्तू आहे. एक युनिट दुसऱ्या युनिटासारखे. कोणत्याही जनित्रातून आले तरी दिव्याला फरक पडत नाही. संगणनाचे काम तसे नाही. त्याला विशिष्ट कार्यप्रणाली लागते, विशिष्ट आज्ञावलीसंच लागतात, अमुक इतकी स्मृती लागते, आणि मुख्य म्हणजे त्याची सामग्री — मोजमापांच्या प्रचंड फायली — कोठे तरी आधीच साठविलेली असते. ते किती वेळ चालेल हे बहुधा ते पाठविणाऱ्यालाही ठाऊक नसते. पण ह्याहूनही मोठा भेद दिशेचा आहे. विजेच्या बाबतीत शक्ती ग्राहकाच्या घरी येते. ग्रिडमध्ये ग्राहकाचे काम परक्याच्या घरी जाते. दिव्याकडे वीज येण्याऐवजी दिवाच शेजाऱ्याच्या घरी नेऊन लावण्यासारखे हे आहे. आणि दिवा शेजाऱ्याच्या घरात लागावयाचा म्हटल्यावर शेजाऱ्याची सोय, त्याची झोपेची वेळ आणि त्याची मर्जी हे प्रश्न टाळता येत नाहीत.

विजेच्या रूपकातून आणखी एक समजूत नकळत येते: पुरवठा वाढविला की टंचाई कमी होते. नियोजनाच्या शास्त्राने ही समजूत फार पूर्वी खोटी ठरविली आहे. बेल प्रयोगशाळेतील रोनल्ड ग्रॅहम ह्यांनी १९६६ साली दिलेले उदाहरण आजही प्रत्येक विद्यार्थ्याने कागदावर मांडून पाहावे असे आहे. नऊ कामे आहेत. पहिले तीन घटकांचे. दुसरे, तिसरे आणि चौथे दोन-दोन घटकांची. पाचवे ते आठवे चार-चार घटकांची. आणि नववे नऊ घटकांचे. नववे काम पहिले संपल्यावाचून सुरू होऊ शकत नाही. पाचवे ते आठवे ही चौथे संपल्यावाचून सुरू होऊ शकत नाहीत. नियम साधा: यंत्र मोकळे झाले की यादीत जे पहिले सुरू करण्याजोगे काम असेल ते घ्यावे. तीन यंत्रांवर ही सर्व कामे बारा घटकांत आटोपतात. आता एक यंत्र वाढवा. चौथे काम आधी उरकते, म्हणून चार-चार घटकांची चारही कामे लवकर मोकळी होऊन सारी यंत्रे अडवून बसतात. नऊ घटकांच्या कामाला सहाव्या घटकेपर्यंत जागा मिळत नाही, आणि सगळे संपावयास पंधरा घटका लागतात. यंत्र वाढले आणि विलंबही वाढला. यंत्रे तीनच ठेवून प्रत्येक काम एकेका घटकेने लहान केले तरी बारांच्या जागी तेरा घटका होतात. ग्रॅहम ह्यांनी ह्या विपरीत परिणामाची मर्यादाही सिद्ध केली: कोणत्याही यादीने घेतलेला वेळ उत्तमोत्तम वेळेच्या दुपटीपर्यंत कधी पोहोचत नाही. म्हणजे हानीला सीमा आहे, पण हानी खरी आहे. हा सिद्धान्त एका छपराखालच्या, एकाच धन्याच्या, एकसारख्या यंत्रांचा आहे. जेथे धनी शेकडो, यंत्रे नाना प्रकारची आणि कामांचे वेळ अज्ञात, तेथे केवळ जोडणी केल्याने शक्ती वाढेल अशी अपेक्षा बाळगणे हे धाडसच होते.

आश्चर्याची गोष्ट अशी की ह्या रूपकाचा टीकाकार त्याच ग्रंथात बसलेला आहे. बाराव्या प्रकरणात फ्रॅन बर्मन ह्यांनी एकेका अनुप्रयोगाच्या दृष्टीने नियोजन कसे करावे ह्याची चर्चा केली आहे, आणि तेराव्यात मायरन लिव्हनी व राजेश रामन ह्यांनी साधनव्यवस्थापनाची. ही दोन प्रकरणे वाचताना वाचकाला वाटते की आपण खोबणीच्या जगातून निघून एका वस्तीत आलो आहोत, जेथे घरांना मालक आहेत. लिव्हनी ह्यांची परंपरा निराळीच होती. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८० नंतरच्या दशकात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॉन्डॉर’ ही प्रणाली उभी केली. तिचा उगम एका साध्या निरीक्षणात होता: प्राध्यापकांच्या मेजांवरील संगणक दिवसाचा पुष्कळ वेळ रिकामे असतात, आणि त्याच इमारतीत काही जणांना गणनासाठी यंत्रे मिळत नाहीत. १९८८ सालच्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ह्या प्रणालीला रिकाम्या यंत्रांची शिकारी म्हटले आहे. पण शिकारीचे नियम मालकाच्या बाजूचे होते. मालकाने कळफलकावर बोट ठेवले की पाहुण्या कामाने उठावयाचे. उठताना आपली स्थिती टिपून ठेवावयाची, आणि दुसरे यंत्र मिळेल तेथे तिथूनच पुढे चालू करावयाचे. मालकाला गैरसोय झाली तर तो उद्या यंत्र देणार नाही, हा त्यामागचा व्यवहार.

ह्याच परंपरेतील एका गोष्टीकडे टीकाकारांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. मुटका आणि लिव्हनी ह्यांनी १९८७ साली वाटपाची जी पद्धत सुचविली तीत प्रत्येक यंत्रामागे एक आकडा ठेवला जाई. त्या यंत्राच्या वापरणाऱ्याने परकी यंत्रे घेतली की तो एका दिशेने सरके, मागूनही मिळाली नाहीत की दुसऱ्या दिशेने. परिणाम असा की जो अहोरात्र शेकडो कामे लोटतो त्याच्यामुळे, महिन्यातून एकदा चार कामे घेऊन येणारा अडून राहू नये. न्यायाचा विचार येथे प्रणालीच्या पायातच घातलेला आहे, आणि तो दुबळ्या मागणाऱ्याच्या बाजूचा आहे. विजेच्या रूपकातून हा विचार सुचलाच नसता. खोबणीला दुबळा आणि प्रबळ असा भेद नसतो.

पुढे १९९८ मध्ये रामन, लिव्हनी आणि सॉलोमन ह्यांनी जी ‘जुळवणी’ची पद्धत मांडली तिचे वर्णन वाचून मराठी वाचकाला हसू आल्यावाचून राहणार नाही, इतकी ती ओळखीची आहे. प्रत्येक काम आपली जाहिरात देते: मला इतकी स्मृती पाहिजे, अमुक कार्यप्रणाली पाहिजे, त्यांतही वेगवान यंत्र असेल तर अधिक पसंत. प्रत्येक यंत्रही आपली जाहिरात देते: माझ्याकडे हे हे आहे, माझ्या विभागातील माणसाचे काम मी आधी घेईन, अमक्याचे काम मुळीच घेणार नाही, आणि रात्रीखेरीज परक्याला प्रवेश नाही. मध्यस्थ दोन्ही टिपणे पडताळतो आणि ज्यांच्या अटी परस्परांस पटतात त्यांना एकमेकांची नावे कळवितो. त्याचे काम तेथेच संपते. पुढील बोलणी दोन्ही पक्षांनी आपसांत करावयाची. टिपण दिल्यापासून परिस्थिती पालटली असेल, तर प्रत्यक्ष भेटीत नकार देण्याचा अधिकार दोघांनाही आहे. आपल्याकडील वधूवरसूचक मंडळाचा व्यवहार ह्याहून वेगळा नाही. ह्या पद्धतीत तीन सत्ये मान्य केलेली आहेत: साधनालाही पसंती असते, मध्यस्थाची माहिती नेहमी थोडी शिळी असते, आणि म्हणून अंतिम निर्णय मध्यस्थाचा नसावा. हे शास्त्र आहेच. पण हे व्यवहारज्ञानही आहे, आणि ते विजेच्या खोबणीहून किती तरी अधिक ग्रिडच्या स्वभावाला धरून आहे.

इतिहासाने ह्या दोन दृष्टींची कसोटी घेतली ती जिनीव्याजवळील सर्न ह्या संस्थेच्या प्रयोगांत. लार्ज हॅड्रॉन कोलायडरची मोजमापे एका केंद्रात मावणारी नव्हती. म्हणून जगभरातील केंद्रांचे स्तर पाडण्यात आले, आणि आज चाळीसांहून अधिक देशांतील सुमारे १७० केंद्रे ह्या जाळ्यात आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील केंद्र सीएमएस प्रयोगासाठी आणि कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरमधील केंद्र ॲलिस प्रयोगासाठी, अशी दोन द्वितीयस्तरीय केंद्रे भारतात आहेत. आरंभी, म्हणजे २००१ ते २००४ ह्या काळातील युरोपीय डेटाग्रिड प्रकल्पात आणि त्याच्या पुढील अवतारात, कामे वाटण्यासाठी एक दलाल योजला होता. सर्व केंद्रे आपली स्थिती एका माहितीसेवेला कळवीत: किती यंत्रे मोकळी आहेत, रांगेत किती वाट पाहावी लागेल. दलाल ती माहिती वाचून प्रत्येक काम योग्य केंद्राकडे ढकलीत असे. विजेच्या जाळ्याला शोभणारीच ही कल्पना होती: वर बसलेला कोणी तरी सर्व पाहतो आणि प्रवाह वळवितो.

ती अपयशी ठरली असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिने लक्षावधी कामे पार पाडली. पण तिची दुखणी तिच्या मूळ कल्पनेतूनच उद्भवलेली होती. माहिती दलालापर्यंत पोहोचेपर्यंत जुनी होई. एखादे केंद्र रिकामे आहे असे एकदा दिसले की शेकडो कामे एकदम तिकडे धाव घेत आणि तेथे रांग लागे. सर्वांत बोधप्रद प्रकार बिघडलेल्या यंत्राचा. ज्या यंत्रावरील आज्ञावली मोडकी आहे तेथे काम आल्याबरोबर क्षणात मरते. काम मेले की यंत्र मोकळे होते. मोकळे यंत्र दलालाला सर्वांत आकर्षक वाटते. म्हणून पुढचे कामही तेथेच जाते. एका रात्रीत असे एकच यंत्र शेकडो कामे गिळून टाकी. ह्या शास्त्राच्या लोकांनी त्याला कृष्णविवर असे समर्पक नाव दिले आहे. जे यंत्र काहीच करीत नाही तेच सर्वांत तत्पर दिसावे, ही विसंगती अन्य कार्यालयांतही अनुभवास येते; पण तो येथला विषय नव्हे.

ह्यावर प्रयोगांनीच आपापले उपाय शोधले. एलएचसीबी प्रयोगाच्या ‘डिरॅक’ने, ॲटलासच्या ‘पांडा’ने, ॲलिसच्या ‘ॲलियन’ने आणि सीएमएसने स्वीकारलेल्या ‘ग्लाइडइन’ पद्धतीने थोड्याफार फरकाने एकच युक्ती योजिली. केंद्राकडे प्रत्यक्ष काम पाठवावयाचेच नाही. एक रिकामा दूत पाठवावयाचा. तो तेथल्या रांगेत उभा राहतो, यंत्र मिळाले की ते धडधाकट आहे की नाही हे पाहतो, आणि सर्व ठीक असेल तरच प्रयोगाच्या मध्यवर्ती रांगेतून एक खरे काम ओढून घेतो. यंत्र मोडके निघाले तर केवळ दूत वाया जातो. कोणते काम कोठे होईल हा निर्णय अशा रीतीने अगदी अखेरच्या क्षणापर्यंत लांबविला जातो. ‘ग्लाइडइन’ची कल्पना २००१ साली फॉस्टर आणि लिव्हनी ह्यांच्या दोन्ही गटांनी मिळून लिहिलेल्या ‘कॉन्डॉर-जी’ विषयक निबंधातच होती, हे येथे नमूद करणे न्यायाचे. तात्पर्य, दोन्ही घराण्यांनी एकत्र येऊन जे अपत्य जन्माला घातले त्याचा चेहरा जुळवणीच्या घराण्यावर गेला. दूत म्हणजे प्रत्यक्ष भेटीवाचून होकार न देणारा पाहुणा.

पण दूताच्या विजयाने सर्व सुरळीत झाले असे समजण्याचे कारण नाही. आणि ह्या पद्धतीचे प्रशंसक येथे थोडे घाईने पुढे जातात असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दूत आला तो प्रयोगाच्या नावाने. त्याच्या पोटात पुढे कोणाचे काम शिरले हे केंद्राच्या नियोजकाला दिसत नाही. म्हणजे अग्रक्रम ठरविण्याचा अधिकार यंत्राच्या मालकाकडून मोठ्या संघटनेकडे गेला. मालकाच्या हाती उरले ते एवढेच: ह्या संघटनेला माझ्या यंत्रांचा इतका हिस्सा. हजारो संशोधकांच्या प्रयोगाला हे सोयीचे आहे, कारण त्याच्या मागे स्वतःचे अभियंते आहेत, स्वतःचा दूत आहे. ज्याच्या मागे अशी संघटना नाही, त्या एकट्या संशोधकाला — एखाद्या महाविद्यालयात रेणूंच्या रचनेचे गणित मांडणाऱ्या अध्यापकाला — ह्या जगात उभे राहण्यास जागा थोडी आहे. आभासी संघटना ही कल्पना सहकार्यासाठी निघाली. तिचा एक परिणाम असा झाला की संघटनाहीन मनुष्य नियोजकाला दिसेनासा झाला. १९८७ च्या त्या आकड्यांना मात्र तो दिसत होता.

आणखी एक प्रश्न मापनाचा. नियोजन चांगले की वाईट हे कशावरून ठरवावयाचे? केंद्राचे चालक यंत्रे किती टक्के वेळ कामात होती हे सांगतात, कारण यंत्रांवर खर्च झालेला पैसा त्यांना समर्थनीय ठरवावयाचा असतो. वाट पाहणाऱ्याला त्या टक्क्यांशी कर्तव्य नसते. ह्या दोन मापांतील ताण ज्या युक्तीने बराच हलका केला ती युक्ती १९९५ साली आर्गॉन प्रयोगशाळेतील डेव्हिड लिफ्का ह्यांनी वर्णन केलेली: मोठे काम पुरेशी यंत्रे मोकळी होण्याची वाट पाहत असता मधल्या फटीत लहान काम बसवावे, मात्र त्यामुळे रांगेत पहिल्या असलेल्या कामाची सुरुवात लांबता कामा नये. ह्यासाठी प्रत्येकाने आपले काम किती वेळ चालेल हे आधी सांगावे लागते. आणि येथे मनुष्यस्वभाव आडवा येतो. वेळ कमी सांगितली आणि काम लांबले तर ते मारले जाते. म्हणून सर्वच जण फुगवून सांगतात. प्रस्तुत लेखकाने एका गणनकेंद्रात पाहिले आहे की, जेथे मर्यादा बहात्तर तासांची होती तेथे दोन तासांच्या कामांवरही बहात्तर तासच लिहिलेले असत. पण फाइटेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांतून, १९९८ पासून पुढे, असे निष्पन्न झाले की अंदाज फुगविलेले असले तरी सरासरी वाट पाहणे वाढतेच असे नाही, कित्येकदा कमीही होते. ह्याचे कारण पुढे स्पष्ट झाले: मोठे काम फुगविलेल्या वेळेआधीच संपले की मोकळ्या फटी पडतात, आणि त्या फटींत लहान कामे शिरतात. लाभ लहान कामांचा. आणि सरासरीत संख्या लहान कामांचीच जास्त असते. सरासरी सुधारली ह्याचा अर्थ सर्वांचे भले झाले असा नव्हे. जो मोठे काम घेऊन बसला आहे त्याची तक्रार सरासरीत बुडून जाते.

बाजारपेठेचा मार्ग सुचविणारेही होते. राजकुमार बुय्या, डेव्हिड एब्रॅम्सन आणि जोनाथन गिडी ह्यांनी २००० साली ‘निम्रॉड-जी’ प्रणालीत प्रत्येक कामाला मुदत आणि खर्चाची मर्यादा जोडली. यंत्रांना दर लावले. कल्पना स्वच्छ आहे. पण विद्यापीठांच्या जगात पैसा कोणाचा हा प्रश्न सुटलेला नव्हता, म्हणून ती तेथे रुजली नाही. २००६ नंतर व्यापारी कंपन्यांनी तासावर संगणक भाड्याने देण्यास आरंभ केला तेव्हा खोबणीचे स्वप्न एका अर्थी खरे झाले, आणि रांगेची जागा किमतीने घेतली. ज्याला किंमत परवडत नाही तो रांगेत दिसत नाही इतकेच.

आता मूळ रूपकाकडे पुन्हा वळू. विजेचे जाळे हे उपमान मुळातच चुकीचे होते काय? अधिक विचारांती असे वाटते की उपमान बरोबर होते. ते अर्धेच घेतले गेले. खोबणीच्या मागे जो भाग आहे तो ग्रंथकारांनी सोडून दिला. आपल्या देशात कोणत्या केंद्राने किती वीज टाकावी आणि कोणत्या राज्याने किती घ्यावी ह्याचे वेळापत्रक दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडून भारप्रेषण केंद्रे करतात. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तरेतील आणि पूर्वेतील जाळी कोसळली, तेव्हा ठरल्यापेक्षा अधिक वीज ओढली जाणे हे त्यामागील कारणांपैकी एक होते. आणि महाराष्ट्रातील वाचकाला तर भारनियमन हा शब्द समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. कोणत्या वाहिनीला किती तास अंधार, हे तेथील गळती आणि वसुली ह्यांवरून गट पाडून ठरविले जात असे. प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्यालाही शेजाऱ्यांच्या थकबाकीचा अंधार वाट्याला येई. खोबणीत पिन घातली की वीज येतेच, हे ज्या समाजाचा अनुभव आहे त्याने ग्रिडचे रूपक रचले. खेड्यात रात्री दोन वाजता पंप सुरू करावयास उठलेल्या शेतकऱ्याला ते रचावयास सांगितले असते, तर त्याने पहिल्याच प्रकरणात पाळीचा प्रश्न घातला असता.

पाळी हा शब्द येथे सहज आला, पण तो टिकवून ठेवावा असे वाटते. ह्या विषयावरील मराठी लेखनात नियोजकाच्या कामासाठी ‘वेळापत्रक’ हा शब्द योजिला जातो. तो आगगाडीला शोभतो. वेळापत्रकात प्रत्येक गोष्टीचा काळ आधी ठाऊक असतो. येथे तोच अज्ञात आहे. आपल्याकडे कालव्याच्या पाण्याच्या वाटपाला शेजपाळी म्हणतात. हंगामाला मागणीअर्ज घ्यावयाचे, ते मंजूर करावयाचे, आणि मग पाणी क्रमाने, शक्यतो शेवटच्या टोकाकडून वरच्या टोकाकडे, द्यावयाचे. पाणी किती आहे, मागणारे किती आहेत आणि टोकाचा शेतकरी कोरडा राहू नये, ह्या तीनही गोष्टी त्या एका शब्दात आहेत. टोकाकडून आरंभ करण्याचा नियम नेहमी पाळला जातो असे नाही. पण नियम आहे, म्हणून तो मोडल्याची तक्रार तरी करता येते. ग्रिडच्या नियोजकांत टोकाच्या माणसासाठी असा नियम लिहिलेला फारसा आढळत नाही.

ग्रंथाविषयी शेवटचे एक. २००३ साली त्याची दुसरी, पुष्कळ वाढविलेली आवृत्ती निघाली, तीतही विजेचे रूपक अग्रस्थानी राहिले. ज्या ‘ग्लोबस’ साधनसंचाच्या बळावर ते उभे होते त्याचा सांभाळ त्याच्या मूळ कर्त्यांनी २०१८ च्या आरंभी थांबविला, आणि तो पुढे चालविण्याचे काम वापरणाऱ्यांच्या समुदायाने हाती घेतले. ‘कॉन्डॉर’ने २०१२ साली ‘एचटीकॉन्डॉर’ असे नाव धारण केले, आणि गेल्या दशकात सर्नच्या स्वतःच्या केंद्रातही पूर्वीच्या व्यापारी नियोजकाची जागा त्यानेच घेतली. तेराव्या प्रकरणाचे लेखक ज्या जाहिरातींविषयी लिहीत होते त्या आजही, थोड्या बदललेल्या नावाने, त्या यंत्रांवर दर काही मिनिटांनी लावल्या आणि उतरविल्या जात आहेत. आपल्या विभागात हा ग्रंथ जेव्हा शिकविला जाईल तेव्हा पहिल्या प्रकरणापासून आरंभ न करता तेराव्यापासून करावा, आणि ग्रॅहम ह्यांची नऊ कामे त्याच दिवशी फळ्यावर मांडावी.